अकरावीचा पहिला धडा: टीएमसी, मिलिमीटर आणि लंबक

लातूरला किंवा नांदेडला अकरावी सायन्सला आलेली पोरं मापनाचा धडा पटकन उरकतात. सात मूलभूत एककं पाठ केली, व्हर्नियरचं (बारीक लांबी मोजायच्या सरकत्या पट्टीचं) सूत्र वहीत उतरवलं, की लगेच गतीची गणितं. ही घाई कळते मला. मेडिकलची 'नीट' परीक्षा डोक्यावर बसलेली असते. पण भौतिकशास्त्रात बीएस्सी करून आता मी अकरावीची प्रॅक्टिकलं घेते, आणि मुलं वर्षभर जिथं अडतात त्यातलं बरंच याच धड्यातलं निघतं.

पाठांतराचा भाग थोडाच आहे. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला. एवढं पाठ हवंच. फक्त सिनियरकडून घेतलेल्या जुन्या नोट्स सांभाळून वापरा. त्यांत किलोग्रॅमची व्याख्या पॅरिसजवळ ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलावरून दिलेली असेल, तर ती २० मे २०१९ पासून रद्द झाली आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो.

खरी सवय लावायची ती वेगळीच. एकक उत्तर आल्यावर शेवटी चिकटवायचं नाही, प्रत्येक पायरीत आकड्यासोबत लिहायचं आणि आकड्यासारखंच गुणायचं-भागायचं. कंटाळा येतो, खरं आहे. पण सराव करायला आपल्याकडे पेपरात रोज गणित छापून येतं.

पावसाळ्यात बातमी असते: जायकवाडीतून २० हजार क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. मग एवढ्या विसर्गानं एक टीएमसी पाणी जायला किती वेळ? घनफुटाला 'घनफूट प्रति सेकंद'नं भागा. घनफूट कटतात, उरतात सेकंद: ५० हजार सेकंद, म्हणजे चौदा तासांना थोडं कमी. भागायचं की गुणायचं, हे एककांनीच सांगितलं. उलटं केलं असतं तर उत्तरात घनफुटाचा वर्ग आला असता आणि घोळ तिथंच दिसला असता.

जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण क्षमता कुठं सुमारे १०२ टीएमसी लिहितात, कुठं २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर). दोन्ही एकच. घनफुटाचे घनमीटर करताना मात्र मुलं ०.३०४८ नं एकदाच गुणतात. लांबी तीनदा आलेली असते, म्हणून तीनदा गुणायचं. तेव्हा एक घनफूट म्हणजे ०.०२८३ घनमीटर आणि एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी येतं. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करतानाही हाच प्रकार: शंभरानं नाही, दहा हजारानं भागायचं.

माझं आवडतं उदाहरण पावसाचं. पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात? पाणी तर लिटरमध्ये हवं ना? पावसाच्या उंचीला जमिनीच्या क्षेत्रफळानं गुणलं की घनफळ मिळतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की आपल्याकडे अतिवृष्टी धरतात. ६५ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी साडेसहा लाख लिटर. आता आठवा, २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वॅगन होत्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर. पुढं ५० वॅगनची गाडी आली, २५ लाख लिटरची. म्हणजे ती अख्खी गाडी अतिवृष्टीच्या एका दिवसात चार हेक्टर रानावर पडणाऱ्या पाण्याएवढीसुद्धा नव्हती. मला हे गणित सुटल्यावर बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

एककं जुळतात का यावरून सूत्र तपासायच्या या पद्धतीवर, म्हणजे मितींच्या पद्धतीवर, फार विसंबू नका, हेही सांगून ठेवते. सूत्रातला २π किंवा अर्धा ती सांगत नाही, आणि ऊर्जा आणि बलाघूर्ण (बलाचा फिरवण्याचा परिणाम) यांची मिती सारखीच निघते. चुकीचे पर्याय खोडायला मात्र झकास.

प्रयोगशाळेत व्हर्नियरचं लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान अंतर, बहुधा ०.१ मिलिमीटर, तारेची जाडी मोजायच्या स्क्रूगेजचं ०.०१. वापरून झिजलेल्या उपकरणांत शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावरही शून्य न दाखवणं, असतेच असं धरून चाला. जबडे मिटवून आधी ती बघा, धन असेल तर वाचनातून वजा करा. तारेचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा घ्या, तार पूर्ण गोल क्वचितच असते. ०.४५ मिलिमीटर व्यासात ०.०१ चा फरक म्हणजे २ टक्क्यांच्या थोडं वर, पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, तिथं तो साडेचार टक्क्यांपर्यंत जातो. अशा मापांवरून कॅल्क्युलेटरवरचे आठही अंक जर्नलमध्ये उतरवणारे दरवर्षी भेटतात. दोन सार्थक (भरवशाच्या) अंकांच्या मापातून आठ अंकी उत्तर येत नाही.

लंबकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण काढायचा प्रयोग या सगळ्याची परीक्षा घेतो. एक मीटरच्या लंबकाला एका आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात. घड्याळ दाबताना ०.२ सेकंद इकडं-तिकडं झाले, तर एकाच आंदोलनात १० टक्के त्रुटी, आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्यानं गुरुत्वत्वरणात २० टक्के. वीस आंदोलनं मोजली की तेच ०.२ सेकंद ४० सेकंदांत वाटले जातात आणि गुरुत्वत्वरणातली त्रुटी एका टक्क्यावर येते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरा. आणि घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणा. 'एक' म्हणून सुरुवात केली तर 'वीस' म्हणेपर्यंत १९ च आंदोलनं झालेली असतात. उत्तर ९.८ ऐवजी १०.८ च्या पुढं आलं, तर सूत्र तपासण्याआधी मोजणी कुठून सुरू केली ते जोडीदाराला विचारा.