बेरोजगारीच्या आकड्यावरून भांडायच्या आधी तो वाचायचा कसा

परवा सांगलीत विश्रामबागला चहाच्या टपरीवर दोघांची जुंपली होती. एक म्हणतोय बेरोजगारी ३.२ टक्के, दुसरा म्हणतोय १० च्या वर, आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. आकडे सरकारच्याच पीएलएफएस म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सर्व्हेतले, २०२३-२४ चे, फक्त पहिला १५ वर्षांपुढच्या सगळ्यांचा आणि दुसरा, म्हणजे १०.२, नुसता १५ ते २९ वयाच्या पोरापोरींचा.

तर आधी वयोगट बघा. सत्तेतला पहिला उचलतो, विरोधातला दुसरा, आणि चॅनलवाले ज्याची बाईट मिळाली त्याचा.

मग बघा आकडा वर्षाच्या हिशोबाचा आहे की आठवड्याच्या. खरी मेख इथंच आहे. वर्षाच्या हिशोबात मुख्य काम काही नसलं तरी ३० दिवस कुठंतरी काम केलं की माणूस कामाला लागलेला धरतात, म्हणजे तासगावकडं बेदाण्याच्या सीझनला महिना-दोन महिने निवडायला जाणारी बाई वर्षभर रोजगारात. आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत एक तास काम केलं तरी पुरे. बापाच्या हळदीच्या दुकानात पगाराशिवाय बसणारा ग्रॅज्युएट पोरगा पण 'कामावर'च, घरात त्याला रोज काय ऐकून घ्यावं लागतं ते सर्व्हेत कुठं येतंय! त्याच २०२३-२४ ला वर्षाचा दर ३.२ आणि आठवड्याचा ४.९. एप्रिल २०२५ पासूनचा मंथली आकडा आठवड्याचा असतो, पहिलाच ५.१ आला. तो ३.२ च्या शेजारी ठेवून कोण "बेकारी वाढली" म्हणाला तर सरळ पुढं स्क्रोल करा.

टक्केवारी कशाची हे पण विचारा. समजा गल्लीत काम करणारे आणि शोधणारे मिळून ६० जण, त्यात ६ बेरोजगार, झाले १० टक्के. त्यातल्या तिघांनी कंटाळून नोकरी शोधायचं सोडलं आणि एमएला ॲडमिशन घेतलं, आता ५७ मध्ये ३, म्हणजे ५.३ टक्के. नोकरी एकालाही लागली नाही, पण बॅनर लावायला आकडा तयार.

म्हणून दर कमी झाला की काम कसलं वाढलं ते शोधा. २०१७-१८ ला दर ६.० होता, तो ३.२ वर आला हे खरंय. पण त्याच काळात काम करणाऱ्यांतले स्वयंरोजगारवाले ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेले, आणि त्यात घरच्या धंद्यात फुकट राबणारे पण मोजलेत. काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण २३.३ वरून ४१.७ टक्के झालं, ते आनंदानं की घरखर्च भागेना म्हणून हे एका आकड्यावरून कळत नाही, मला तरी दोन्ही वाटतंय.

राहिला पीएफचा आकडा, म्हणजे नवी पीएफ खाती किती निघाली तो. "एवढे लाख नवीन रोजगार" ही हेडलाईन बहुतेक त्यावरूनच असते. समजा कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात १९ जण आहेत, मालकानं २० वा माणूस घेतला की पीएफ लागू, आणि एका फटक्यात वीस नवी खाती निघू शकतात. भरती एकाचीच, बाकीचे १९ तिथं दहा वर्षं घासतायत.