वस्तीतल्या मुलाची शाळा टिकवायची असेल तर

नागपुरात कळमना, यशोधरानगर किंवा कोणत्याही वस्तीतील गरीब मुलांना मदत करायची असेल, तर शिकवणी सुरू करण्यापूर्वी मूल शाळा कधी बुडवते आणि का बुडवते, हे त्याच्या घरी जाऊन समजून घ्यावे. आई पहाटेच धुणीभांड्यांच्या कामावर गेलेली, नळाला पाणी नेमके शाळेच्या वेळेत येणारे आणि तीन वर्षांचा भाऊ कडेवर, अशी नऊ वर्षांची मुलगी वर्गात दिसत नाही, तेव्हा तिला गणिताच्या शिकवणीआधी भावासाठी अंगणवाडी हवी असते. त्याचे नाव तिथे घालून द्यावे.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले हमखास गळतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला भट्टीजवळच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो, आणि शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून तो अडवता येत नाही, हे पालकांना सांगावे. नुसते सांगून भागत नाही. मजुराला मुख्याध्यापकांसमोर बोलायला संकोच वाटतो, म्हणून पहिल्या दिवशी आपण सोबत जावे.

वाचन रोज थोडा वेळ, पण नेमाने घ्यावे. इयत्ता न पाहता मूल जिथे अडते तिथून सुरुवात करावी. घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारे मूल ‘शाळा’ला ‘शाला’ वाचते, तेव्हा त्याला मध्येच टोकू नये. वाक्य पूर्ण होऊ द्यावे, अर्थ त्याच्या घरच्या भाषेत विचारावा आणि मग आपण तेच वाक्य स्पष्ट वाचून दाखवावे. इतर मुलांसमोर हिणवले गेलेले मूल पुन्हा तोंड उघडत नाही, ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

सरकारी किंवा अनुदानित शाळेतील मूल सातवीत असतानाच पुढच्या वर्षीच्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू करावी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि आठवीत मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा. आधार, शाळेची नोंदवही आणि बँक पासबुक यांतील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळते का, हे सातवीतच तपासावे, कारण एका अक्षराच्या फरकामुळेही रक्कम अडकू शकते.