सरकारी बिलांची सिस्टिम आणायचीय? आधी क्लार्कशेजारी बसा

सरकारी फायनान्स सिस्टिमचं काम मिळालं की पहिला महिना मंत्रालयात प्रेझेंटेशन देण्यातच जातो, आणि स्टेकहोल्डरच्या यादीत सचिव, सहसचिव, संचालक असे सगळे साहेबच असतात. ती यादी उलटी करा. महाराष्ट्रात अनुदान (ऑफिसला खर्चासाठी मिळणारी रक्कम) बीम्स या सरकारच्या बजेट वाटपाच्या सिस्टिमवर येतं, पगारबिल सेवार्थ या पगाराच्या सिस्टिमवर होतं, बिल कोषागारात (सरकारी ट्रेझरीत) जातं, तिथं ऑडिट होऊन पास झालं की पैसे खात्यात. या वाटेवर कोणी हात आखडला की बिल अडतं ते लिहून काढा, तीच खरी यादी. त्यात डीडीओ (ऑफिसच्या बिलांवर सही करून पैसे काढणारा अधिकारी) आणि त्याचा असिस्टंट, म्हणजे बिल बनवणारा क्लार्क येतो, कोषागारातला ऑडिटर येतो, आणि हमखास विसरलं जाणारं, राज्याचा हिशेब ठेवणारं महालेखापाल ऑफिस, मुंबई आणि नागपूर दोन्ही, कारण हिशेब आणि व्हाउचर शेवटी त्यांच्याकडेच जातात, आणि त्यांना हवं तसं काही निघत नसेल तर कोषागार जुनं रजिस्टर बंद करणारच नाही.

मीटिंगमध्ये साहेब बोलतात आणि क्लार्क मान हलवतो, त्यातून काही कळत नाही. महिन्याच्या 20 तारखेनंतर तालुक्याच्या एखाद्या ऑफिसात जाऊन बसा. लाइटबिल 06 (टेलिफोन, वीज, पाणी) या खर्चाच्या हेडखाली टाकायचं ते 13 कार्यालयीन खर्चात पडलं, कोषागारानं आक्षेप लावून परत पाठवलं, आता 06 मध्ये अनुदान शिल्लक नाही, मग अनुदान वाटून देणाऱ्या नियंत्रक अधिकाऱ्याच्या ऑफिसला फोनवर फोन. सॉफ्टवेअरवाले इथं नुसतं 'रिजेक्टेड' दाखवून मोकळे होतात. क्लार्कला हवंय काय, तर आक्षेप नेमका कशाला आहे आणि त्या हेडला आत्ता किती उरलेत, हे एकाच स्क्रीनवर. एवढं दिलंत की तो तुमचा माणूस.

ऑडिटरचं दुखणं वेगळं. सिस्टिमनं पास केलं आणि उद्या वसुली (चुकून जास्त दिलेले पैसे परत घेणं) निघाली तर ती कोणाच्या नावावर? हे लेखी ठरत नाही तोवर तो कागदी प्रत मागणारच, आणि माझ्या मते बरोबरच करतो. कुठली तपासणी मशीनची आणि कुठली माणसाची, याचं वित्त विभागाकडून परिपत्रक काढून घ्या, तोंडी 'हो करा' वर जाऊ नका, कारण हो म्हणणारे साहेब तीनेक वर्षांत बदलून जातात.

बदल्यांचं गणित तर ट्रेनिंगलाही लागू. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार नेहमीच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, त्यामुळे फेब्रुवारीत शिकवलेला क्लार्क जूनमध्ये भलत्याच टेबलावर असतो. मार्चमध्ये तर कोणाच्या दारातही जाऊ नका, 31 मार्चच्या रात्रीपर्यंत अनुदान येत असतं आणि कोषागारात बिलांचे गठ्ठे. ट्रेनिंग जूनअखेर, सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये.

आणि साहेबांचा पासवर्ड क्लार्ककडे असतो हे सगळ्यांना माहीत आहे (सिक्युरिटी ऑडिटवाल्यांनासुद्धा). असिस्टंटचं लॉगिन वेगळं द्या आणि साहेबांचं अप्रूव्हल मोबाईल ओटीपीवर दोन मिनिटांत होईल असं करा, नाहीतर पासवर्ड पुन्हा चिठ्ठीवर येणार.

पहिलं मॉड्यूल पगाराचंच घ्या, तिथली चूक प्रत्येक जण स्वतः शोधून सांगतो. दोन महिने जुनं-नवं सोबत चालवा, दोन्हीकडचा नेट पे जुळवा, आणि ज्यांचा फरक येतोय त्यांची यादी पगारबिल कोषागारात जायच्या आधी डीडीओच्या हातात द्या.