जुन्या दारापासून भिंतीला मिटणारं टेबल

लहान खोलीत टेबल उघडल्यावर किती जागा खाईल हे सगळे मोजतात. मिटल्यावर ते भिंतीपासून किती पुढे येईल आणि मागच्या पोकळीत काय काय बसवायचं आहे, हे मात्र राहून जातं. बरीच टेबलं तिथेच फसतात. इथे दिलेल्या मापांनी केलेलं टेबल मिटल्यावर भिंतीपासून साधारण 10 सेंमी पुढे येतं.

आधी दार तपासा. भरीव लाकडाचं दार असेल तर टिचकी मारून कुठे पोकळ आवाज येतो का बघा. बारीक भोकांतून ताजी फिकट पूड पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. असं लाकूड घरात आणूच नका. कडेवरून एका डोळ्याने बघितलं की पीळ लगेच दिसतो. करवत लावण्याआधी सगळ्या दारावरून लोहचुंबक फिरवा, कारण रंगाखाली दडलेला एक खिळा पातं खराब करायला पुरेसा असतो. रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका; ओला करून खरवडा, बारीक धुळीसाठीचा मास्क लावा आणि कचरा पिशवीत बंद करा.

आता मापं. दार 32 मिमी जाड धरलं आहे. फळी 90 × 45 सेंमीची कापा. एका माणसाला 60 सेंमी रुंदी पुरते, त्यामुळे शेजारी वहीपुस्तकं ठेवायला जागा उरते. फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचं दार असेल तर एक पथ्य पाळा: दाराची मूळ कड बिजागरीच्या बाजूला ठेवा, कारण भरीव लाकडाची पट्टी तिथेच असते. कापलेली कड पुढे येऊ द्या आणि आतली पोकळी लाकडी पट्टी व गोंद घालून बुजवा. पोकळ भागात स्क्रू धरत नाही. कुलपाचं भोक फळीत आलंच तर बुजवायची घाई नको, चार्जरची वायर त्यातून छान जाते.

भिंतीवरची आडवी पट्टी दाराच्या चौकटीतूनच निघते: 60 × 60 मिमी, लांबी 90 सेंमी. तिची वरची कड जमिनीपासून 75 सेंमीवर, पाणसळ लावून. विटांच्या भिंतीला चार स्क्रू आणि 10 मिमीचे प्लग लागतील. प्लग गिलाव्यात अडकवून उपयोग नाही. तो पूर्णपणे विटेत जायला हवा. पट्टीत 30 मिमी खोल रुंद भोक पाडून स्क्रूचं डोकं आत बसवा. मग पट्टीचे उरलेले 30, गिलाव्याचे 20 आणि विटेतले 50 असा 100 मिमीचा स्क्रू पुरतो. भोक विटांच्या सांध्यात आलं तर जागा बदला. स्विचबोर्डच्या थेट वर किंवा खाली ड्रिल चालवू नका. भिंत पोकळ विटांची किंवा बोर्डाची असेल तर साधा प्लग नुसता फिरत राहतो. तिथे त्या भिंतीसाठीचेच प्लग घ्या किंवा आतल्या उभ्या दांड्यात स्क्रू बसवा.

बिजागऱ्या तीन, 75 मिमीच्या. त्या फळीच्या वरच्या अंगाला लावल्या तर मागची कड पट्टीत अडकते आणि फळी खाली पडतच नाही. म्हणून एक पान फळीच्या खालच्या अंगाला आणि दुसरं पट्टीच्या पुढच्या अंगावर लावा. पट्टीच्या वरच्या कडेपासून 32 मिमी खाली रेघ मारा. फळीचं बूड त्या रेघेवर आलं की वरचा पृष्ठभाग पट्टीशी सपाट जुळतो. मागे 2 मिमी फट ठेवा, दमट हवेत लाकूड फुगतं. दाराच्याच जुन्या बिजागऱ्या वापरायच्या असतील तर आधी हातात हलवून बघा, खुळखुळणारी टाकून द्या.

आधाराला दोन त्रिकोणी घोड्या करा: वरचा हात 32 सेंमी, उभा 35 सेंमी, मध्ये तिरपी पट्टी, सगळं लाकूड 25 मिमी जाड. त्या भिंतीवरच्या तेवढ्याच जाडीच्या उभ्या पट्ट्यांना बिजागरीने जोडायच्या. मिटताना दोन्ही आत, एकमेकींकडे वळतात. उभ्या पट्ट्यांत 70 सेंमी अंतर ठेवा. दोन हात मिळून 64 होतात, म्हणून त्या भिडत नाहीत.

घोडी मिटताना आडव्या पट्टीच्या खाली जायला हवी, त्यामुळे तिचा माथा फळीच्या बुडापासून 28 मिमी खाली राहतो. तेवढ्याच जाडीचा ठोकळा फळीच्या बुडाला, उघडलेल्या घोडीच्या टोकावर येईल असा चिकटवा. फळी खाली लोंबली की हा ठोकळा आणि मिटलेली घोडी एकावर एक येतात: 28 आणि 25 मिळून 53 मिमी. मागची पोकळी 60च्या थोडी वर आहे, म्हणून जमतं. आडवी पट्टी उंचीला 60च ठेवून जाडीला 40ची घेतली असती तर टेबल अर्धवट उघडंच राहिलं असतं. ठोकळ्याच्या आतल्या कडेला बोटभर लांब, पण 5 मिमीपेक्षा जास्त पुढे न येणारी चिपटी लावा, म्हणजे घोडी धक्क्याने सरकणार नाही.

शेवटी 120, 180 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग पॉलियुरेथेन वॉर्निशचे तीन हात. हात दोन्ही अंगांना सारखेच द्या. फक्त वरून दिले तर उघडं बूड ओल पितं आणि फळी वाकते.