पासवर्ड बदलला, तरी तो आतच होता

इन्सिडेंट रिस्पॉन्समध्ये, म्हणजे सायबर हल्ला झाल्यावर तो निस्तरण्याच्या कामात, नव्याने येणारे बहुतेक जण कंटेनमेंट (हल्ला आवरणं), इरॅडिकेशन (हल्लेखोराला मुळापासून उखडणं), रिकव्हरी (कामकाज पूर्ववत करणं) या पायऱ्या पाठ करूनच येतात. त्यामुळे व्याख्या सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते पहिल्या दोन पायऱ्यांमधल्या फटीबद्दल. हल्लेखोर परत आला असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो गेलेलाच नसतो.

सगळ्यात साधं वाटणारं प्रकरण घ्या: कुणाचं तरी मेल अकाउंट परक्या हाती गेलंय. पासवर्ड रीसेट करायचा, वापरकर्त्याला फोन करायचा, तिकिटावर, म्हणजे घटनेच्या नोंदीवर, 'कंटेन्ड' लिहायचं आणि पुढच्या अलर्टकडे वळायचं. या सापळ्यात मी स्वतः अडकले आहे. दुसऱ्या दिवशी त्याच अकाउंटवरून मेल जाताना पाहिले, तेव्हा पोटात गोळा आला होता. म्हणून हा भाग लांबण लागली तरी नीट सांगते.

हल्लीच्या फिशिंगमध्ये नुसतं खोटं लॉगिन पान नसतं. मधला सर्व्हर तुमची प्रत्येक गोष्ट खऱ्या साइटकडे पुढे पाठवतो. वापरकर्ता पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, खरी साइट समाधानी होऊन सेशन कुकी (लॉगिन झाल्याची खूण) देते आणि ती कुकी मधल्यामध्ये उचलली जाते. त्या क्षणापासून हल्लेखोराला पासवर्डची गरजच उरत नाही. तुम्ही कुलूप बदलता, माणूस घरात बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये ॲक्सेस टोकन (आत वावरण्याचा डिजिटल पास) साधारण 60 ते 90 मिनिटं चालतं, आणि नवीन ॲक्सेस टोकन मिळवून देणारं रिफ्रेश टोकन मूळ सेटिंगप्रमाणे बहुतेक ठिकाणी 90 दिवसांचं असतं. पासवर्ड रीसेटने यातलं काय मरतं आणि काय जिवंत राहतं, हे टोकन कसं मिळवलं होतं यावर अवलंबून असतं. म्हणून नुसत्या रीसेटच्या भरवशावर राहू नका. आधी साइन-इन बंद करा, मग पासवर्ड रीसेट करा, मग सगळी सेशन्स रद्द करण्याची आज्ञा वेगळी द्या. तरीही हातातलं ॲक्सेस टोकन मुदत संपेपर्यंत चालू शकतं, म्हणून तो तास-दीड तास लॉगवरून नजर हलवू नका.

इथे थांबलात तरी काम अर्धंच झालं. आता त्या अकाउंटला जोडलेल्या एमएफए उपकरणांची (पासवर्डशिवायची दुसरी ओळख पटवणाऱ्या उपकरणांची) यादी उघडा. हल्लेखोराने स्वतःचा फोन तिथे नोंदवून ठेवलेला असू शकतो. त्यानंतर वापरकर्त्याने कोणत्या ॲपना परवानगी दिली आहे ते पाहा. ओऑथ संमतीने, म्हणजे पासवर्ड न देता वापरकर्त्याने दिलेल्या मंजुरीने, आत आलेल्या ॲपची परवानगी पासवर्ड बदलल्याने रद्द होत नाही. शेवटी मेलबॉक्स रूल्स, म्हणजे आलेले मेल आपोआप हलवणारे नियम. नाव म्हणून नुसतं एक टिंब असलेला रूल दिसला, आणि 'इन्व्हॉइस' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल वाचलेले म्हणून खूण करून तो आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये सरकवत असेल, तर चोरीचा रोख कुठे आहे ते कळलंच. तो फोल्डर कुणी उघडत नाही, म्हणूनच तो निवडलेला असतो. रूल दिसताक्षणी उडवू नका. आधी त्याचा तपशील आणि तयार झाल्याची वेळ उतरवून घ्या, कारण त्या वेळेवरूनच पुढचा माग लागतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीतही (कंपनीच्या विंडोज नेटवर्कमधली अकाउंट्स सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) हाच खेळ, फक्त टोकनऐवजी तिकिटं, म्हणजे लॉगिननंतर मिळणारे प्रवेश-पास. अकाउंट बंद केलं तरी आधी दिलेलं सर्व्हिस तिकीट मूळ सेटिंगप्रमाणे 10 तासांपर्यंत चालू शकतं. डोमेन कंट्रोलरपर्यंत (ही व्यवस्था चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत) कुणी पोहोचलं असेल, तर केआरबीटीजीटी अकाउंटचा, म्हणजे ज्याच्या किल्लीने ही तिकिटं बनतात त्या अकाउंटचा, पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आताचा आणि त्याच्या आधीचा असे दोन्ही पासवर्ड डोमेन ग्राह्य धरतं. एकदाच बदललात तर जुन्या पासवर्डवर बनवलेलं बनावट गोल्डन तिकीट चालतच राहतं. दोन बदलांमध्ये रेप्लिकेशन (बदल सगळ्या डोमेन कंट्रोलरवर पोहोचणं) पूर्ण झाल्याची खात्री करा आणि किमान तिकिटाच्या आयुष्याइतकं अंतर ठेवा, नाहीतर चालू सेवा कोलमडतील. हल्लेखोर आत वावरतोय हे दिसत असताना वरिष्ठ हे अंतर कमी करायचं ठरवू शकतात, पण तो निर्णय त्यांचा. नवशिक्याने एकट्याने घ्यायचा नाही.

हे वाचून दडपण आलं असेल तर साहजिक आहे. पण यातलं काहीही एका रात्रीत डोक्यात बसत नाही आणि बसायची गरजही नाही. अनुभवी माणसंही यादी समोर ठेवूनच काम करतात.

मशीनच्या बाबतीत थोडक्यात: बंद करू नका, नेटवर्कपासून तोडा. ईडीआरमधून (मशीनवर पाळत ठेवणाऱ्या सुरक्षा साधनातून) आयसोलेट केलं की मशीनचा बाकी जगाशी संबंध तुटतो, ईडीआरच्या कन्सोलशी राहतो आणि मेमरी शाबूत राहते. वीज गेली की चालू प्रोसेस, उघडी कनेक्शन्स, कधी कधी एन्क्रिप्शनची किल्लीही जाते. जे आधी नाहीसं होणार ते आधी गोळा करा, हा क्रम 2002 सालच्या आरएफसी 3227 या इंटरनेट मार्गदर्शक दस्तऐवजात लिहून ठेवलाय आणि आजही तो तितकाच खरा आहे. अपवाद एकच: फाइली डोळ्यांदेखत एन्क्रिप्ट होतायत आणि मशीन नेटवर्कवरून तोडता येत नाही, तर सरळ बंद करा. तिथे पुराव्याचा विचार करत बसू नका.

असं रॅन्समवेअर (फाइली एन्क्रिप्ट करून खंडणी मागणारं मालवेअर) चालू नसेल तर मात्र घाई महाग पडते. एक मशीन तोडलं की हल्लेखोराला सुगावा लागतो आणि तो तुम्हाला न दिसलेल्या दुसऱ्या मशीनवरून हालचाल करतो. म्हणून आधी किती मशीन्स, किती अकाउंट्स, आत येण्याची वाट कोणती, हे शोधा आणि मग सगळं एकाच वेळी बंद करा. ब्लॉक करणं म्हणजे नेहमीच सुरक्षित, हाही गैरसमज सोडा. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा ते एका ठरावीक डोमेनशी संपर्क साधून पाहायचं आणि उत्तर आलं तर थांबायचं. ते डोमेन नोंदवल्यावर प्रसाराला खीळ बसली. दुष्ट डोमेन समजून ज्यांनी ते फायरवॉलवर अडवलं, त्यांच्याकडे मालवेअर थांबण्याचं कारणच उरलं नाही. हाती आलेला मालवेअरचा नमुना काय करतो ते कळल्याशिवाय ब्लॉकलिस्टला हात लावू नका.

साफसफाईबद्दल माझं मत ठाम आहे: अँटिव्हायरसचा स्कॅन स्वच्छ आला हा पुरावा नव्हे. हल्लेखोर टिकून राहण्यासाठी जिथे लपतो त्या जागा, म्हणजे विंडोजवर शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), सर्व्हिसेस, डब्ल्यूएमआय सबस्क्रिप्शन (ठरावीक घटना घडली की चालणाऱ्या आज्ञा), वेब सर्व्हरवरचं वेब शेल (ब्राउझरमधून आज्ञा चालवणारी चोरफाइल), लिनक्सवर क्रॉन (वेळापत्रकाची कामं) आणि ऑथराइज्ड कीज (पासवर्डविना लॉगिनच्या किल्ल्या), हे सगळं हाताने पाहावं लागतं. विंडोजच्या लॉगमध्ये इव्हेंट 7045 मध्ये नवीन सर्व्हिस दिसते आणि 4698 मध्ये नवीन टास्क, पण 4698 साठी ऑडिट आधीपासून चालू असावं लागतं. लॉगमध्ये नोंद नाही म्हणून टास्क बनलाच नाही, असं लिहिण्याआधी ते सेटिंग तपासा. आणि जिथे ॲडमिनचे अधिकार गेले होते ते मशीन पुसून नव्याने उभं करा. बॅकअपमधून आणणार असाल, तर पहिल्या घुसखोरीच्या आधीचा बॅकअप हवा. म्हणजे ती तारीख ठाऊक हवी. घटनाक्रमाची टाइमलाइन मांडणं कंटाळवाणं वाटतं, पण तिच्याशिवाय ही तारीख सापडत नाही.

तयार प्लेबुक (कोणत्या हल्ल्यात काय करायचं याची पायऱ्यांची यादी) उतरवून घेणाऱ्यांवर माझा राग आहे, हे लपवत नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कसाठी लिहिलेल्या पायऱ्या तुमच्याकडे पगाराची सेवा चालवणारं सर्व्हिस अकाउंट बंद करतील आणि ते कुणाला विचारायचं हेही त्यात नसेल. मार्गदर्शक निवडताना उत्तरं फटाफट देणाऱ्याच्या मागे जाऊ नका. तुम्ही 'कंटेन्ड' म्हणालात की "कशावरून?" असं विचारणारा माणूस शोधा. सुरुवातीला तो प्रश्न अपमानासारखा लागतो. मला लागायचा. आज तिकीट बंद करण्याआधी मीच तो लिहिते आणि खाली उत्तर भरते: सेशन्स कधी रद्द झाली, त्यानंतरचं शेवटचं साइन-इन कुठल्या आयपीवरून, कोणत्या लॉगमध्ये पाहिलं. वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. रात्रपाळीच्या माणसाला ते वाचून मला फोन न करता काम पुढे नेता आलं पाहिजे.