बस एका बाजूला कलते तेव्हा एअर सस्पेन्शनमधला दोष कसा शोधावा

२००१ साली व्होल्वोची बी७आर ही बस भारतात आली, आणि लोखंडी स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर तरंगणारी (म्हणजे एअर सस्पेन्शनची) गाडी आपल्याकडच्या लांब पल्ल्याच्या प्रवाशांच्या अंगवळणी पडली. आज कोल्हापूर, नागपूर किंवा पणजीकडे रात्रीच्या बहुतेक खासगी बस अशाच सस्पेन्शनवर धावतात. तरीही ही बस एका बाजूला कलली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला अजून एकच मिळतो, आणि तो म्हणजे ‘बलून बदला’. माझ्या अनुभवात हा सल्ला निम्म्याहून अधिक वेळा चुकीचा निघाला आहे आणि त्यापायी मालकांचे बरेच पैसे वाया गेले आहेत.

गाडी सपाट फरशीवर घ्यावी, ती रिकामी करावी, चाकांना ठोकळे लावावेत, टायरमधली हवा सारखी करावी आणि इंजिन चालू ठेवून हवेचे गेज पूर्ण भरू द्यावे. गेज भरण्याआधी कोणताही निष्कर्ष काढू नये. कॉम्प्रेसरची हवा आधी ब्रेकच्या टाक्यांना मिळते आणि त्या भरल्यावरच सस्पेन्शनकडे वळते, त्यामुळे दाब कमी असताना खाली बसलेली बस ही बलूनची तक्रार नसते. गेज भरायलाच फार वेळ लागत असेल, तर सस्पेन्शन बाजूला ठेवून कॉम्प्रेसर, हवेतला ओलावा काढणारा ड्रायर आणि पाइप आधी पाहावेत.

एक गोष्ट मात्र कधीच विसरू नये. केवळ हवेवर उभ्या असलेल्या बसखाली कोणीही, कधीही, क्षणभरही शिरू नये. बलून फुटला, पाइप निसटला किंवा उंचीनुसार बलूनमध्ये हवा भरणाऱ्या-सोडणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा कोणी नकळत हलवला, तर काही टनांचे धूड दचकायलाही वेळ न देता बंप स्टॉपवर (शेवटच्या आधाराच्या ठोकळ्यावर) येते आणि चेसिस व ॲक्सल यांच्यामधली जागा हाताच्या जाडीइतकीही उरत नाही. चेसिसखाली पक्के स्टँड लावल्याशिवाय खालचे काम करूच नये. जॅक म्हणजे स्टँड नव्हे, आणि ‘दोन मिनिटांचे तर काम आहे’ हे कारण मी माझ्या हाताखालच्या मुलांकडून ऐकून घेत नाही.

साबणाच्या पाण्याने गळती शोधणे सोपे आहे. पाइपचे सांधे, टाकीची बूच आणि बलूनच्या वरच्या-खालच्या कडा ओल्या कराव्यात आणि बुडबुडे पाहावेत. इतकेच लक्षात ठेवावे की बलूनच्या रबराला पडणाऱ्या बारीक भेगा खालच्या पिस्टनवर दुमडणाऱ्या घडीत असतात. गाडी ठरल्या उंचीवर असताना त्या मिटलेल्या राहतात. गाडी थोडी वर आणि थोडी खाली घेऊन तीच घडी पुन्हा ओली केली, की राईएवढ्या बुडबुड्यांची एक रेघ उमटते. अशा बलूनला पंक्चरचे सोल्यूशन लावून चालवू नये, तो बदलावाच. मात्र बदलताना त्या बाजूचा शॉकअपही (शॉक अब्सॉर्बर) तपासावा, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये चाक खड्ड्यात उतरते तेव्हा बलूनला मर्यादेपलीकडे ताणू न देण्याचे काम शॉकअपच करतो, आणि तो निकामी असेल तर नवा बलूनही लवकर जातो.

गळती सापडली नाही आणि बस तरीही कलते, तेव्हा खरी अवघड पायरी सुरू होते. मी स्वतः इथेच अडकलो होतो. रात्रीच्या फेरीची एक बस पुढून डावीकडे कलत होती. मी पुढचा डावा बलून बदलला, मग उजवा बदलला, मग पुढचा लेव्हलिंग व्हॉल्व्हही बदलला, आणि तीन दिवसांनंतरही बस तशीच कललेली होती. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी मला बसच्या मागच्या बाजूला नेले आणि व्हॉल्व्हचा दांडा ॲक्सलशी जोडणाऱ्या डाव्या लिंक रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट दोन बोटांनी हलवून दाखवला. तो झिजून एवढा सैल झाला होता की रॉड गाडीची खरी उंची व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवतच नव्हता. दोष मागे होता आणि मी पुढचे सामान बदलत बसलो होतो.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पान्याला हात लावू नये. दोन ॲक्सलच्या बसला बहुधा पुढे दोन आणि मागे चार बलून असतात, पण उंची ठरवणारे लेव्हलिंग व्हॉल्व्ह सहसा तीनच असतात, म्हणजे पुढे एक, मागे डावीकडे एक आणि मागे उजवीकडे एक. तिवई कोणत्याही जमिनीवर डगमगत नाही, तशी ही रचना आहे. चार कोपऱ्यांना चार व्हॉल्व्ह दिले, तर ते एकमेकांशी झुंजत राहतील आणि हवा सतत भरत-सोडत राहतील. पुढचे दोन्ही बलून एकाच व्हॉल्व्हला जोडलेले असल्याने त्यांच्यात हवेचा दाब सारखाच राहतो. म्हणून ते पुढच्या बाजूची सरासरी उंची ठरवतात, गाडीचा कल ठरवत नाहीत. कल मागचे दोन व्हॉल्व्ह ठरवतात आणि ताठ चेसिसमुळे गाडीचे तोंडही त्यांच्याप्रमाणेच कलते. यावरून हेही उघड होते की पुढचा एक बलून गळू लागला तर सहसा गाडीचे पूर्ण तोंडच खाली बसते, एक कोपरा नव्हे. (काही गाड्यांत ही मांडणी उलटी, म्हणजे पुढे दोन आणि मागे एक असते, म्हणून आधी व्हॉल्व्ह मोजावेत.)

तेव्हा बस कललेली असेल तर पहिले माप मागे घ्यावे. माप घ्यायचे ते जमिनीपासून चाकाच्या कमानीपर्यंत नव्हे, तर उत्पादकाने सांगितलेल्या जागी, चेसिस आणि ॲक्सल यांच्यामध्ये. जमिनीपासूनच्या मापात टायरची झीज मिसळते आणि नसलेला दोष दिसू लागतो. दोन्ही बाजूंची मापे खडूने चेसिसवरच लिहून ठेवावीत.

मग ज्या बाजूचे माप चुकले आहे तिथला लिंक रॉड पाहावा. तो वाकला आहे का, त्याची रबरी बुशे फाटली आहेत का, बॉल जॉइंट खेळतो आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. रॉड ठीक असेल तरच तो सोडवून व्हॉल्व्ह तपासावा. दांडा वर उचलला की बलूनमध्ये हवा भरली पाहिजे, खाली ओढला की हवा बाहेर पडली पाहिजे आणि मध्यावर ठेवला की पूर्ण शांतता असली पाहिजे. इथे घाई करणारे फसतात. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला हवा खर्च होऊ नये म्हणून काही व्हॉल्व्हमध्ये मुद्दाम काही सेकंदांचा विलंब ठेवलेला असतो. दांडा उचलून लगेच आवाज आला नाही म्हणून चांगले व्हॉल्व्ह भंगारात टाकलेले मी पाहिले आहेत. मनात २० अंक मोजावेत आणि मगच मत बनवावे.

दांडा मध्यावर असूनही हवा सोडण्याच्या तोंडाशी सुस्कारा येत राहिला, तर येणारी हवा थोडा वेळ बंद करून पाहावी. सुस्कारा थांबला तर आतली हवा भरण्याची बैठक (व्हॉल्व्हचे तोंड बंद करणारी जागा) खराब आहे, आणि चालूच राहून गाडी हळूहळू खाली आली तर सोडण्याची बैठक. दोन्ही बाबतींत आत पाणी, तेल किंवा काजळी सापडण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही. टाकीतले पाणी काढावे आणि ड्रायरचा काडतूस-फिल्टर बदलावा, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जातो.

उंची लावताना क्रम मोडू नये. आधी मागचे दोन व्हॉल्व्ह लावावेत, पुढचा सर्वांत शेवटी. बऱ्याच व्हॉल्व्हना दांडा मध्यावर अडकवण्यासाठी छोटे भोक असते. त्यात पिन घालावी आणि गाडी योग्य उंचीवर असताना लिंक रॉडची लांबी जुळवावी. पिन काढायला विसरू नये, कारण ती राहिली तर दांडा आतल्या आत तुटतो. भोक नसेल तर रॉडची लांबी पक्की ठेवणारा चेकनट सैल करून अर्धा-अर्धा फेरा द्यावा, दरवेळी आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच मापपट्टी लावावी. व्हॉल्व्हच्या मध्यबिंदूला थोडा मृत टप्पा असतो, म्हणजे तेवढ्यात दांडा हलला तरी हवा भरत नाही आणि सुटतही नाही. म्हणून योग्य उंचीवर नेहमी खालून वर येतच थांबावे. उंची ओलांडली गेली तर गाडी पुरेशी खाली सोडून पुन्हा वर आणावी. एका बाजूला हात लावला की दुसरी बाजूही हलते, त्यामुळे डावी, उजवी, पुन्हा डावी असे दोन-तीन वेळा करावे लागते, आणि त्याला पर्याय नाही.

गतिरोधकाला तळ घासतो म्हणून लिंक रॉडचे चार आटे सोडून गाडी उंच करून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी कधीच मानत नाही. उंची बदलली की प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, धडधड सुरू होते, त्याचे क्रॉस (सांधे) लवकर झिजतात आणि खड्ड्यात चाक उतरायला उरलेली चाल कमी होऊन शॉकअप ताणले जातात.

शेवटी चेकनट घट्ट करून त्यावर आणि रॉडवर रंगाची एकच रेघ ओढावी, म्हणजे नट पुढे हलला तर लगेच दिसेल. एक पूर्ण फेरी झाल्यावर, बस रिकामी आणि त्याच फरशीवर असताना, तीच मापे पुन्हा घेऊन खडूच्या आकड्यांशी ताडून पाहावीत.