गोल्डविंगवर सॅटेलाइट रेडिओ कसा बसवायचा (आणि कुठे घोळ होतो)

आधीच सांगतो, गोल्डविंग म्हणजे होंडाची लांब पल्ल्याची मोठी बाइक, आणि हे अमेरिकेत अशी टूरिंग बाइक चालवणाऱ्या मंडळींसाठी आहे. भारतात बसून वाचत असाल तर वाचा, पण सेट मागवू नका, सिरियसएक्सएम या इथल्या सॅटेलाइट रेडिओ कंपनीचे उपग्रह तिकडून दिसत नाहीत, नुसतं खेळणं होऊन पडेल. आपल्याकडे वर्ल्डस्पेस होतं ना, तोही सॅटेलाइट रेडिओच, आमच्या पुण्याच्या घरी खिडकीत ती चपटी अँटेना आभाळाकडे तोंड करून ठेवलेली असायची आणि बाबा सकाळी गंधर्व चॅनल लावून बसायचे, कोणी पडदा ओढायला गेलं की ओरडायचे. २००९ च्या शेवटी ते बंद झालं आणि बाबा बरेच दिवस रुसले होते. इथे बाइकला अँटेना लावताना मला तीच खिडकी आठवत होती, कारण गोम तीच आहे, अँटेनाला आभाळ दिसलं पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आता कशाला हवा हा उद्योग, फोन आहे की, असं बायकोही म्हणाली. तर यूएस ५० या हायवेवर नेवाडात इलीपासून फॅलनपर्यंत जाऊन बघा, अडीचशे मैलांत मध्ये युरेका आणि ऑस्टिन ही दोनच गावं, एफएम तर खरखर करून कधीच मेलेलं असतं आणि फोनची रेंज येते-जाते. गाणी डाऊनलोड करून नेता येतात, मान्य, पण बातम्या, लाइव्ह मॅच, कोणीतरी आत्ता या क्षणी बोलतंय हे ऐकायला मिळणं, त्या रस्त्यावर त्याची किंमत वेगळी आहे.

तुमची गोल्डविंग २००९ नंतरची नेव्हिगेशनवाली असेल तर कंपनीनेच एक्सएमचा, म्हणजे याच सॅटेलाइट रेडिओचा, सेट आत दिलेला असतो, तुम्ही फक्त सबस्क्रिप्शन घ्या आणि हे वाचणं सोडा. माझी २००६ ची आहे, सेकंडहँड घेतलेली. अशा गाडीला सोपा मार्ग म्हणजे डॉक अँड प्ले, म्हणजे कारसाठी मिळतो तोच छोटा रेडिओ, त्याचा डॉक (रेडिओ ज्यात बसतो तो स्टँड), पॉवर अडॅप्टर आणि लोहचुंबकवाली अँटेना असा किट. जुना रेडिओ कोणी फुकट देत असेल तर डॉक आणि अडॅप्टर त्याच मॉडेलचा आहे ना ते बघून घ्या. हल्लीचे डॉक ५ व्होल्टवर चालतात, जुने काही १२ वर. ५ वाल्या डॉकला थेट बॅटरीची १२ व्होल्टची वायर लावली की रेडिओ जळतो, आणि ही चूक करणारे खूप आहेत कारण पिन सारखीच दिसते.

सगळ्यात पहिलं काम, काहीही उघडायच्या आधी. रेडिओ, डॉक, अँटेना घराबाहेर ड्राइव्हवेवर कारच्या लायटर सॉकेटला लावून चालू करा, चॅनल ० वर गेलं की रेडिओ आयडी दिसतो, तो देऊन अकाउंट चालू करून घ्या. दर सांगतील तो लगेच मान्य करू नका, थोडी घासाघीस चालते. ॲक्टिव्हेशनचा सिग्नल पण उपग्रहावरूनच येतो, त्यामुळे गॅरेजमध्ये बसून वाट बघू नका. मी बघितली होती, पाऊण तास.

मग अँटेना. उपग्रह विषुववृत्ताच्या बाजूला म्हणजे आपल्या दक्षिणेला, यूटा-कोलोराडोच्या भागातून साधारण क्षितिज आणि डोक्याच्या मधे कुठेतरी. म्हणून पश्चिमेला जाताना डाव्या हाताला उंच कडा असला, दाट झाडी असली किंवा पेट्रोल पंपाच्या छपराखाली उभे राहिलात की आवाज जातो, सेट बिघडला म्हणून घाबरायचं नाही. मोठ्या शहरांत जमिनीवर रिपीटर असतात म्हणून तिथे उंच बिल्डिंगांतही चालतं. गाडीवर जागा दोनच चांगल्या, मागच्या ट्रंकचं झाकण नाहीतर पुढे विंडशील्डच्या आत फेअरिंगवरची (पुढच्या प्लास्टिक कव्हरवरची) सपाट जागा. मी आधी ट्रंकवर लावली, अगदी मधोमध पाठीच्या उशीला चिकटून, आणि बायको मागे बसली की दक्षिणेकडे जाताना गाणं तुटायचं, तिच्या पाठीने आणि जॅकेटने बरोबर आभाळ झाकलं जायचं. ती म्हणाली मग मला खाली उतरव. शेवटी अँटेना झाकणाच्या मागच्या कडेला सरकवली आणि भांडण मिटलं.

प्लास्टिकवर लोहचुंबक चिकटत नाही हे उघड आहे, म्हणून खाली एक पातळ लोखंडी चकती जाड दुहेरी चिकटपट्टीने लावा आणि त्यावर अँटेना, चकतीमुळे सिग्नललाही जरा आधार मिळतो. जागा आधी स्पिरिटने पुसायची, चिकटवून दाबायचं आणि एक दिवस हात लावायचा नाही. काहीजण अँटेना झाकणाच्या आतून लपवतात, साध्या प्लास्टिकमधून सिग्नल जातो, थोडा कमी होतो एवढंच, पण कार्बन फायबर किंवा धातूच्या पत्र्याखाली अजिबात जाणार नाही.

अँटेनाची केबल वीसएक फूट लांब असते आणि गाडीला लागते त्याच्या निम्मी. कापू नका. परत सांगतो, कापू नका. त्याच वायरमधून अँटेनातल्या ॲम्प्लिफायरला करंट जातो आणि टोकाचं कनेक्टर घरी नीट बसवणं आपल्या हातचं काम नाही. उरलेली केबल आठच्या आकड्यासारखी सैल गुंडाळून सीटखाली ठेवा, कुठेही करकचून वाकवू नका.

आता करंट, आणि खरं काम इथेच आहे. माझ्या आधीच्या बाइकवर मी शहाणपणा करून शेपटीच्या दिव्याच्या वायरला ते चिमट्यासारखे निळे कनेक्टर लावून करंट घेतला होता, दहा मिनिटांत काम, खूश. युरेकाच्या अलीकडे संध्याकाळी ती वायर सीटखाली घासून उघडी पडली, शॉर्ट झाली आणि फ्यूज उडाला. मागचा दिवा गेला, मीटरचे दिवे गेले, रेडिओ तर गेलाच, आणि गावापर्यंत मित्र माझ्या मागे त्याच्या गाडीचे इंडिकेटर लावून आला. तेव्हापासून नियम एकच, कंपनीच्या वायरिंगमधून काही चालवायचं नाही, सरळ बॅटरीवरून स्वतंत्र लाइन घ्यायची.

सीट आणि साइड कव्हर काढलं की बॅटरीपर्यंत हात जातो. आधी निगेटिव्ह काढा मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. कारण पॉझिटिव्ह काढताना पाना चुकून फ्रेमला लागला तरी निगेटिव्ह सुटलेला असल्यामुळे ठिणगी पडत नाही. पॉझिटिव्हवरून निघालेल्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा, कारण फ्यूज त्या वायरसाठी असतो, रेडिओसाठी नव्हे. मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. साधा चार पिनांचा कारचा रिले घ्या, ३० नंबरच्या पिनवर फ्यूजमधून आलेला बॅटरीचा करंट, ८७ वरून बाहेर अडॅप्टरकडे, ८५ ग्राउंडला (बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा फ्रेमला), आणि ८६ ला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी वायर. ही एकच वायर कंपनीच्या मूळ वायरिंगमधून घ्यायची आणि तीही फक्त रिलेची कॉइल ओढायला, म्हणजे दीड-दोनशे मिलीॲम्पिअर, तेवढ्याने कोणाचं काही जात नाही. एका रेडिओसाठी रिले जास्तच होतो हे मला माहीत आहे, पण आज रेडिओ, उद्या फोनचा चार्जर, परवा जीपीएस, हे लागतच जातं, तेव्हा पाच ॲम्पचा फ्यूज आणि १८ गेजची वायर टाकून एकदाच मोकळे व्हा. चावी बंद केली की सगळं बंद, सकाळी बॅटरी उतरलेली मिळत नाही.

जोडणी करताना डाग द्यायचा (सोल्डर) की क्रिम्प करायचं (कनेक्टर पकडीने दाबून बसवायचा) यावर लोक रात्रभर भांडतात. माझं मत क्रिम्प, कारण डाग दिलेली वायर डागाच्या कडेला ताठ होते आणि व्हायब्रेशनने तिथेच तुटते, वरून आत गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली की पाणी जात नाही. नुसती काळी चिकटपट्टी गुंडाळू नका, उन्हाळ्यात वितळून सगळा चिकटा होतो. अडॅप्टर लायटर पिनवाला असेल तर सीटखाली एक १२ व्होल्टचं सॉकेट बसवा, पिन घुसवा आणि दोन्हीला मिळून झिप टाय मारा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर हलून लूज कॉन्टॅक्ट होतो आणि तुम्ही रेडिओवर संशय घेत बसता.

रेडिओ पुढे हँडलवर, डाव्या हाताजवळ, एक इंची गोळ्याच्या रॅम माउंटवर, म्हणजे हवा तसा फिरवता येणाऱ्या स्टँडवर. वायर हँडलच्या मूळ वायरिंगसोबत खाली नेऊन वरच्या कव्हरखालून सीटपर्यंत न्या, आणि झिप टाय मारायच्या आधी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा की वायर ताणली जात नाही ना, क्लचच्या आड येत नाही ना. हे विसरलात तर यू टर्न मारताना कळेल. ट्रंकमध्ये केबल आत घेताना भोक पाडलंत तर रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) लावा, धारदार कड केबल खाते.

आवाजाचं म्हणाल तर डॉकवरून ऑक्स वायर गाडीच्या ऑक्सला (बाहेरचा आवाज आत घ्यायच्या सॉकेटला), बस. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने ऑक्सची पिन बाहेर काढून ठेवली होती, देव त्याचं भलं करो. एफएम ट्रान्समीटरने पाठवायच्या भानगडीत पडू नका, गाव बदललं की फ्रिक्वेन्सी शोधत बसाल आणि एक हात सोडून बटणं दाबाल. ब्लूटूथवाल्यांनी ऑक्सला छोटा ट्रान्समीटर लावून हेल्मेटमध्ये घ्यावं, चालतं.

आणि मग इंजिन चालू केलं की शिट्टीसारखा आवाज, ॲक्सिलरेटर दिला की चढत जाणारा. हा अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या जनरेटरचा) आवाज ग्राउंड लूपमधून येतो, म्हणजे रेडिओ आणि गाडीचा ऑडिओ दोन वेगळ्या जागी ग्राउंडला जोडलेले असतात म्हणून. ओळखायचं कसं, ऑक्स काढून डॉकला साधे हेडफोन लावा, आवाज गेला तर लूपच आहे. आधी अडॅप्टरचा ग्राउंड फ्रेमवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या, त्याने नाही गेला तर ऑक्स वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, छोटी डबी असते, स्वस्त मिळते. माझा पहिल्याने अर्धा गेला, दुसऱ्याने पूर्ण.

कव्हरं लावायच्या आधी सगळं उघडं असतानाच दहा-पंधरा मैल फिरून या, खड्ड्यांतून न्या. मी प्रत्येक वेळी घाईने सगळे स्क्रू आवळतो आणि मग परत उघडतो.

एक राहिलं, हा रेडिओ वॉटरप्रूफ नाही. पाऊस आला की डॉकमधून काढून खिशात टाकायचा आणि डॉकच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी, रबरबँड लावून. उन्हात गाडी उभी केलीत तरी काढून न्या, नेवाडाच्या जुलैत स्क्रीन काळी पडते. माझ्या टँकबॅगमध्ये त्यासाठी एक झिपवाली पिशवी कायम असते, चिवड्याची रिकामी झालेली, अजून वास येतो तिला.